माहेरी बरी, सासरी आजारी

बैठक सकाळी सहाला घ्या, असं मी सांगितलं तेव्हा मध्यस्थ बाळासो पाटलांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

"सहाला? अगं, सहाला कोण बैठक घेतंय व्हय? माणसं उठून तोंड तरी धुत्याल का न्हाय?"

"सहालाच घ्या. अकरा वाजता माझं हात चांगलं दिसत्यात."

सून नांदवायची की माहेरी धाडायची, त्याचा निकाल लावणारी ही बैठक. अशा बैठका अकराला होतात. न्याहारी करून, सतरंजी अंथरून, चहा दोनदा फिरवून. पण अकरा वाजता माझी बोटं मोकळी झालेली असतात. मूठ वळते, कप धरता येतो. मग समोर बसलेला प्रत्येक शहाणा माझ्या हाताकडं बघून मान हलवतो, आणि पाच महिने ह्या मानांनी माझं डोकं उठवलंय. म्हणून सहा.

मी निशिगंधा. माहेर जयसिंगपूरच्या बाजूला, सासर कागलच्या बाजूला. नवरा धैर्यशील पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर आहे. घरात सासू, सासरे, चार म्हशी आणि माझी आठ महिन्यांची पोर राजनंदिनी. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, सासऱ्यांना मामा. आत्यांचं नाव बाळाबाई, मामांचं गणपतराव. माणसं वाईट नाहीत हे आधीच सांगून टाकते. वाईट माणसांवर चिडणं सोपं असतं. मला चिडावं लागलं ते चांगल्या माणसांवर, आणि त्यानं जास्त दमायला होतं.

लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी धार काढायला म्हशीखाली बसले आणि बोटं सडाभोवती वळेचनात. दोन्ही हातांची मधली पेरं सुजलेली, हात लावला तर गरम. मला वाटलं रात्री हात अंगाखाली आला असेल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पहाटे हात लाकडाचे, नऊ-दहा वाजले की हळूहळू सुटायचे, दुपारी जवळजवळ माणसात यायचे. आता तुम्हीच सांगा, आजाराला वेळ कुठली सापडावी? सातच्या आत दूध डेअरीत पोचायला लागतं. धारेच्या वेळेला दुखतं आणि दूध घालून माणसं परत आली की दुखायचं थांबतं, असल्या आजारावर कुठली सासू विश्वास ठेवील?

"धारंच्या वक्ताला दुखतंय," आत्या डेअरीच्या रांगेत उभं राहून सांगायच्या, "आन दुपारी मोबाईल धराय दुखत न्हाय. लई शाणा आजार हाय बाई."

गावातल्या डॉक्टरनं वात म्हणून सांगितलं आणि दुखणं मारायच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की दोन तास बरं. आठ महिने मी असेच काढले. धार काढायची, आणि दावणीमागं जाऊन रडायचं. रडायची वेळ मात्र मी ठरवून घेतली होती, मामा किटली घेऊन गेले की.

मग मला दिवस गेले. तिसरा महिना सरला तसं दुखणं उतरायला लागलं. पाचव्यात गायब. अगदी नावालासुद्धा नाही. सकाळी उठून मी मूठ वळायचे, सोडायचे, परत वळायचे. त्याच महिन्यात गावची म्हाई होती. म्हाई म्हणजे गावदेवीची जत्रा, घराघरांत पै-पाहुण्यांना मटणाचं जेवण. आमच्या घरी साठ माणूस जेवलं. साठ माणसांच्या भाकऱ्या मी थापल्या, पाचव्या महिन्याचं पोट घेऊन, चुलीपुढं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. हात चालतात ह्याच आनंदात मी थापत सुटले होते. आत्या पाहुण्यांना आत आणून आणून दाखवत होत्या, "बघा माझी सून." त्या दिवशी त्यांचा जीव माझ्यावर होता, ह्यात मला शंका नाही.

त्याच साठ माणसांच्या भाकऱ्या पुढं माझ्या गळ्यात बांधल्या गेल्या.

सातव्या महिन्यात ओटी भरून मला माहेरी नेलं. रीतच आहे, पहिलं बाळंतपण माहेरी. तिथं मी हरणासारखी हिंडले. पोरगी झाली. आत्या बघायला आल्या, "पहिली बेटी, धनाची पेटी" म्हणाल्या आणि गावात पेढ्यांऐवजी जिलेबी वाटली. तरी पोरीला पोटाशी धरून बसल्या होत्या, तेही खरं.

दीड महिना झाला असेल. एका पहाटे पोरीला झबलं घातलं आणि त्याचे बंद बांधता येईनात. बंद कसले, बोटभर चिंध्या. त्या माझ्या चिमटीत धरवेनात. पोर हातपाय झाडत होती आणि मी तिच्यासमोर माझ्याच हातांकडं बघत बसले होते. तेवढ्यात आई आली. माझी आई तानाबाई, सात गावांत तिच्या बाळंतपणाच्या हातगुणाचं कौतुक. तिनं माझे हात बघितले, आणि पहिलं काय केलं असेल? दार लावून घेतलं.

"कुणाला बोलू नगंस," ती म्हणाली.

"अगं, डॉक्टरकडं जाऊया की."

"आन तुझ्या सासरला कळलं म्हंजी? बाळंतपणात हयगय केली म्हणत्याल. शेक-शेगडी न्हाय केली, डिंकाचं लाडू न्हाय घातलं, म्हणून पोरीला वात धरला म्हणत्याल. तुझ्या भावजयीचं दुसरं बाळंतपण बी मलाच करायचं हाय. तोंड दाखवू कसं?"

मग पुढचे दीड महिने पोरीचे बंद आई बांधत राहिली. कुणी बघायला आलं की माझे हात शालीखाली. पाठवणीच्या दिवशी हिरव्या बांगड्या पेरांवरून जाईनात, तर कासाराला तिनं एक माप मोठं द्यायला सांगितलं, आणि त्याला म्हणाली, "बाळंतपणानं अंग भरलंय पोरीचं." मला बोलता आलं असतं. बोलले नाही. आईची अब्रू वाचवते आहे असं मला वाटत होतं. ह्या बाबतीत मी स्वतःवरही चिडलेली आहे, तेही लिहून ठेवते.

तिसरा महिना सरताना सासरी आले आणि महिन्याभरात सगळं फुटलं. ह्या खेपेला आधीपेक्षा दुप्पट. हातांच्या जोडीला मनगटं, पायाचे चवडे. एका सकाळी दुधाची किटली हातातून सुटली आणि बारा लिटर दूध गोठ्यात वाहून गेलं. आत्यांनी रिकामी किटली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "माहेरी बरी, सासरी आजारी."

झालं. असलं वाक्य गावाला सापडलं की गाव ते सोडतंय होय? पाणंदीत, डेअरीत, भजनी मंडळात, जिकडं तिकडं तेच. आणि कुणीही हिशोब करून बघावा, बरोबरच बसत होता. सासरी आले, दुखायला लागलं. माहेरी गेले, थांबलं. परत सासरी आले, परत दुखायला लागलं. शेंबडं पोरगंसुद्धा सांगील की सून कामचुकार आहे. पाचव्या महिन्यात इथंच, ह्याच सासरी, ह्याच चुलीपुढं मी ठणठणीत होते, ते कुणी ह्या हिशोबात धरेना. उलट तोच पुरावा झाला. "साठ माणसांच्या भाकऱ्या थापल्या तवा कुठं गेलता वात?"

धैर्यशीलचं काय, असं तुम्ही विचाराल. त्यांनी एक रजा काढली आणि मला कोल्हापुरात सांध्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. एवढं श्रेय त्यांचं, ते मी कुणाला काढून घेऊ देणार नाही. डॉक्टर अर्शी मुजावर, चाळिशीच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या. त्यांनी बोटं दाबून बघितली, सकाळी किती वेळ आखडतात विचारलं, आणि मग म्हणाल्या, "दिवस गेले होते तेव्हा कसं होतं? बरं वाटत होतं ना? आणि बाळंत झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी उसळलं?"

मी रडायलाच लागले. दोन वर्षांत हा प्रश्न मला एकाही माणसानं विचारला नव्हता. ह्यांनी तर उत्तरासकट विचारला.

रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले. आमवात निघाला, सांधे कायमचे वाकडे करणारा. मग डॉक्टरांनी कागद पुढं ओढून आम्हाला समजावून सांगितलं. मी ते जवळजवळ पाठ केलंय, कारण मला ते घरी येऊन सांगायचं होतं.

"अंगात राखणीच्या पेशी असतात. रोग आत शिरला की एक पेशी दुसरीला निरोप पाठवते, दुसरी आणखी दहा जणींना. सूज येते, ताप येतो, ती ह्या निरोपांची करणी. तुझ्या पेशी चुकून तुझ्याच सांध्यांवर उठल्यात. आता पोटातलं बाळ अर्धं बापाचं असतं, म्हणजे राखणीच्या हिशोबानं परकंच. त्याच्यावर त्यांनी उठू नये म्हणून बाईचं अंग आणि बाळाची वार मिळून कितीतरी हार्मोन तयार करतात. त्यातले बरेच स्टेरॉईड जातीचे. हे हार्मोन पेशीच्या दारात थांबत नाहीत. सरळ आत शिरतात, आत एक प्रथिन त्यांची वाट बघत असतं त्याला धरतात, आणि दोघं पेशीच्या गाभ्यात जाऊन 'धावा, पेटवा' हे निरोप तयार होणंच कमी करतात. म्हणून तुझे सांधे थंड पडले. मग बाळंत झालीस, वार पडली, हार्मोन उतरले. काही आठवड्यांनी पेशींची हाकाटी परत सुरू."

"सगळ्यांस्नी असंच होतंय व्हय?" धैर्यशीलनं विचारलं.

"नाही. पण निम्म्याहून जास्त बायकांना गरोदरपणात बरं वाटतं. आणि त्यात आणखी बऱ्याच गोष्टी आहेत, सगळ्या आम्हालाही अजून कळलेल्या नाहीत. पण हिचं दुखणं खरं आहे, ते रक्तात दिसतंय आणि फोटोत दिसतंय. दोन पेरांच्या हाडाची कड खाल्ली गेलीय. ती भरून येत नाही. मूठ वाचवायची असेल तर आत्ता."

त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एक बारीक पांढरी, त्याच स्टेरॉईड घराण्यातली, थोडेच आठवडे, हळूहळू कमी करत बंद करायची. दुसरी खरी, आठवड्यातून एकदाच घ्यायची, तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागणार. पोरीचं अंगावरचं दूध आधी तोडायचं. आणि ती गोळी चालू असेपर्यंत दिवस राहता कामा नयेत, पोटातल्या बाळाला ती घातक. "पुढं मूल हवं असलं तर आधी मला सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी बदलू, मध्ये वेळ सोडू, मग बघू. पण आधी हात."

मी घरी आले ती उड्या मारत. सांगितलं सगळं. मामांनी सगळ्यातला एकच शब्द उचलला.

"स्टेरॉईड? ते तालमीतली पोरं घेत्यात न्हवं? तू काय आखाड्यात उतरणार हाईस?"

आत्यांनी दुसरा उचलला. दूध. "पोरीच्या तोंडचं दूध काढून घेणार? कामाला नगं म्हणून आता आईपणाला बी नगं?" मी पोरीला वाटीचमच्यावर आणलं तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. धैर्यशीलनं गोळ्या आणल्या होत्या, पण पाकीट शर्टाच्या खिशातच ठेवलं. "आईला पटू दे," म्हणाले, "मग सुरू कर. घरात भांडान नगं." तीन आठवडे त्या गोळ्या त्यांच्या खिशात बसून एमआयडीसीला गेल्या आणि परत आल्या. माझी हाडं इकडं झिजत होती, आणि औषध रोज आठ तासांची पाळी करून घरी येत होतं.

शेवटी आत्यांनीच बाळासोंना बोलावलं. ह्यांनी आमचं लग्न जुळवलं होतं, तेव्हा मोडायचा मानही त्यांचाच. मामांनी बजावलं, बैठक होईस्तोवर गोळीबिळी काही नाही. म्हणून मी सहाची वेळ मागून घेतली. एकदा तरी ह्यांनी माझे हात खरे बघावेत.

रविवारी सहाला अंगणात अंधारच होता. बाळासो मफलर गुंडाळून आले. जयसिंगपूरहून आई आणि माझा भाऊ यशराज साडेचारला निघून आले होते. गोठ्यात म्हशी हंबरत होत्या, कारण धार काढायची सोडून आत्या बैठकीला बसल्या होत्या. चहा आला. बाळासोंनी कप माझ्यापुढं केला आणि म्हणाले, "घे बघू पोरी."

मी दोन्ही तळव्यांत कप धरायला गेले. बोटं काठीसारखी ताठ. कप तिरपा झाला, अर्धा चहा मांडीवर. भाजलं, पण मला बरंच वाटलं. बाळासोंनी माझा हात दिव्याखाली धरून बघितला, पेरं दाबली. मी ओरडले. त्यांनी हात झटकन सोडला.

"सूज हाय," ते म्हणाले. "खोटं न्हाय हे."

"मग म्हाईला?" आत्या म्हणाल्या. "म्हाईला ह्येच हात न्हवतं व्हय? आन चार-पाच म्हैनं माहेरात ऱ्हायली, तितं एक दीस तरी दुखलं का इचारा."

ह्यावर यशराज उसळला. माझा धाकटा भाऊ, माझ्यासाठी जीव देईल असला, आणि त्यानं माझं वाटोळं केलं. "न्हाईच दुखलं आमच्याकडं! ठणठणीत हुती! तुमी छळताय म्हणून दुखतंय. रेड्यागत काम लावायचं आन वर नाटक म्हणायचं? आमी केस करतो, बघाच!"

"केस करतोस? कर की! कुणी छळली, सांग?"

दोन्हीकडून आवाज चढले. सासर म्हणत होतं ती सोंग करते, माहेर म्हणत होतं तुम्ही छळ करता. आणि मधे मी. दोन्ही खोटं. मला कुणी छळलं नव्हतं आणि मी सोंग केलं नव्हतं. पण माझ्या बाजूनं बोलणाराही माझ्या आजाराला आजार मानायला तयार नव्हता. एवढा संताप मला जन्मात आला नसेल.

"आई," मी म्हटलं, "तू सांग."

आई पदराचं टोक बघत बसली.

"आई, पोरीच्या झबल्याचं बंद कोण बांधत हुतं?"

"बाळंतिणीला हुतंच की थोडंफार..."

"थोडंफार? मला कासाराकडनं एक माप मोठ्या बांगड्या कुणी घातल्या? हात शालीखाली कुणी ठेवाय लावलं? तुझ्या हातगुणासाठी मी पाच म्हैनं कामचुकार ठरले आई. आता तरी बोल."

यशराज आईकडं बघत होता. मग आई रडतच म्हणाली, "व्हय. तितंच सुरू झालतं. दीड म्हैन्याची हुती पोर. म्या दडवलं. म्हटलं, माझ्या हातचं बाळंतपण बिघडलं म्हणत्याल."

आत्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "म्हंजी माहेरात बी दुखत हुतं?"

"दुखत हुतं आत्या. आन पाचव्यात सासरात बी दुखत न्हवतं. सासर-माहेराचा काय संबंध न्हाई. आपल्या रीतीनं मला सातव्यात तिकडं धाडलं, तिसऱ्यात इकडं आणलं, तेवढंच जुळलं."

आणि मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. राखणीच्या पेशी, त्यांचे निरोप, पोटातलं परकं पोर, वार, आत शिरून निरोप थांबवणारे हार्मोन. मला वाटलं होतं कुणी ऐकणार नाही. पण बाळासो गुडघ्यावर हात ठेवून पुढं सरकले. मामांनी कान दिला. आत्यांनी मधे दोन प्रश्न विचारले, आणि दोन्ही चांगले होते. एक असा की वार पडल्यावर लगेच का नाही उसळलं, दीड महिना का थांबलं. मी सांगितलं, हार्मोन लगेच उतरतात, पण पेशींना परत गोळा व्हायला वेळ लागतो.

"म्हंजी पोटात पोर असलं की ह्या पेशी गप," बाळासो म्हणाले, "आन पोर भायेर आलं की दंगा."

"व्हय काका."

"आक्षी बरोबर. पटलं मला. पोरीची काय चूक न्हाय, बाळाबाई."

"न्हाईच की," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला झाला होता. "म्या उगंच बोलले बाई हिला. डेअरीत बी बोलले."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी सुखी होते. दोन वर्षांनी माझ्या दुखण्याला दुखणं म्हणणारी माणसं माझ्या समोर बसली होती. आत्या उठून माझ्याजवळ आल्या. माझा सुजलेला हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला, दुखू नये अशा बेतानं, आणि त्यावरनं हात फिरवत म्हणाल्या:

"मग औषध घरातच हाय की पोरी. दुसरं हू दे."

मला आधी कळलंच नाही.

"पोटुशी असलीस की हात बरं असत्यात म्हंतीस न्हवं? मग त्या गोळ्या कशाला? दुसरं हू दे. नऊ म्हैनं आराम पडंल. ह्या बारीला पोरगा बी हुईल."

"बरोबर हाय," मामा म्हणाले. "हे पैलंच कुणी का सांगितलं न्हाय?"

"देवानंच वाट दावली म्हणायची," माझी आई डोळे पुसत म्हणाली. माझी आई! "ह्या बारीला मी सगळं नीट करते बघ. काय दडवत न्हाय."

बाळासोंनी मांडीवर थाप मारली. बैठक अशी गोडीनं मिटलेली त्यांनीही फार दिवसांत बघितली नव्हती. यशराजचा राग उतरला होता, तो चहा घेत होता. मी धैर्यशीलकडं बघितलं. दवाखान्यात हे माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. पोटातल्या बाळाला गोळी घातक आहे हे त्यांनी ऐकलं होतं. हाडाची कड खाल्लेली त्यांना डॉक्टरांनी पेननं दाखवली होती.

"तसं बी दुसरं पायजेच हाय की," ते खाली बघत म्हणाले. "आधी ते हू दे. गोळ्या मग बघू."

खोटारडी ठरवली होती तेव्हा मी एवढी चिडले नव्हते. तेव्हा ह्यांना माहीत नव्हतं. आता माहीत झालं होतं. मी स्वतः घसा कोरडा करून सांगितलेल्या ज्ञानाचा ह्यांनी पाळणा करून माझ्याच हातात ठेवला होता. अडाणीपणाशी भांडता येतं. हे काय होतं?

"आन बाळंत झाल्यावर?" मी विचारलं. "आत्ता दुप्पट उसळलंय. तवा काय करायचं?"

"तवाचं तवा बघू की."

"मग तिसरं? मग चौथं? म्हातारी होईस्तोवर पोटुशी ऱ्हाऊ? नऊ म्हैनं माझी बोटं वळावीत म्हणून मी एक माणूस जन्माला घालायचं? आन त्याला उचलाय हात कुणाचं आणू?"

"एवढं तोडून बोलायला काय झालं," बाळासो म्हणाले. "चांगलंच सांगतोय न्हवं आमी?"

चांगलंच सांगत होते. प्रत्येक जण माझं चांगलंच बघत होता, आणि त्यातला एकही जण माझ्या हातांकडं बघत नव्हता. सगळे माझ्या पोटाकडं बघत होते.

मी उठले. "गोळ्या द्या," मी धैर्यशीलना म्हटलं. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि आईकडं बघितलं. मी थांबले. त्यांनी खिशात हात घातला असता, मुकाट्यानं पाकीट काढून दिलं असतं, तर ही गोष्ट मी कदाचित कुणाला सांगितली नसती. पण ते आईकडं बघतच राहिले. तेव्हा सासऱ्यासमोर, मध्यस्थासमोर, भावासमोर मी नवऱ्याच्या खिशात माझा वाकडा हात घातला. बोटं चालेनात. दोन तळव्यांत धरून पाकीट ओढून काढलं. आठवड्याची ती गोळी दाबून काढायला अंगठा चालेना, तर दातांनी पन्नी फोडली. कपात उरलेला चहा गार झाला होता. त्याच्याबरोबर गोळी गिळली.

गोठ्यात म्हशी ओरडत होत्या.

"म्हंजी आता पाळणा कवा हलायचा?" आत्यांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. नुसती काळजी होती, खरीखुरी, डोळ्यांत पाणी आणणारी. गोठ्यात माझ्या हातातनं किटली सुटली त्या दिवशी ह्यातली निम्मी काळजी मला मिळाली असती, तर मी आत्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं.

"मला वाटंल तवा," मी म्हटलं, आणि आत जाऊन पोरीला दोन्ही कोपरांनी कशीबशी उचलून घेतलं.